वाळवलेल्या फुलांच्या चित्रातील पार्श्वभूमी: कागद की कापड?

प्रास्ताविक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मटेरियल सायन्स शिकवते. कलासमीक्षा हा माझा विषय नाही. पण 'वस्तू आणि सौंदर्य' या भागावर बोलताना दरवर्षी मी वर्गात दोन गोष्टी घेऊन जाते. त्या दोन्ही माझ्या आईच्या आहेत, आणि हे टिपण त्यांच्यापासूनच सुरू करणे योग्य होईल.

पहिली गोष्ट म्हणजे एक फ्रेम. जबलपूरच्या नेपियर टाउनमधले आमचे जुने बैठे घर २०१९ मध्ये विकले गेले. अंगणात एक बकुळ होती आणि फाटकावर बोगनवेल. बकुळीला इकडे मौलश्री म्हणतात. जवळच्या भंवरताल बागेतली मौलश्री तर शहरात प्रसिद्धच आहे. घर सोडण्यापूर्वी आईने दोन्ही झाडांची फुले आणि पाने जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून वाळवली आणि चित्र करून घ्यायला फ्रेमच्या दुकानात दिली. दुकानदाराने ती मरून रंगाच्या सॅटिनवर, खाली फोम घालून, पांढऱ्या डिंकाने चिकटवली आणि वर काच बसवली. घरी आणली तेव्हा फ्रेम देखणी होती. दोन पावसाळ्यांनंतर काचेच्या आतून धुरकट डाग दिसू लागले, बोगनवेलीभोवती तपकिरी कडी उमटली आणि बकुळीची फुले सॅटिनमध्ये जणू विरून गेली. आज ती फ्रेम हातात घेतली तर आधी सॅटिन दिसते, फुले शोधावी लागतात.

दुसरी गोष्ट आईच्या बी.एस्सी.च्या काळातली, १९७४ सालची. बकुळीच्या एका डहाळीचे हर्बेरियम. जाड पांढरा ड्रॉइंग पेपर, त्यावर कागदाच्या बारीक पट्ट्यांनी आणि दोऱ्याच्या टाक्यांनी धरलेली डहाळी, आणि उजव्या कोपऱ्यात नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि फुले पूर्ण तपकिरी झाली आहेत. तरीही पानाची प्रत्येक शीर आणि फुलाची प्रत्येक चांदणी स्पष्ट वाचता येते.

शोभेसाठी केलेली वस्तू दोन वर्षांत विझली आणि परीक्षेसाठी केलेली वस्तू पन्नास वर्षे टिकली, हा केवळ नशिबाचा भाग आहे का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. या दोन वस्तूंमधला सर्वांत मोठा फरक पार्श्वभूमीचा आहे. या टिपणात पार्श्वभूमीकडे सजावट म्हणून न पाहता समीक्षेचा निकष म्हणून पाहायचे आहे.

पार्श्वभूमी नेमके काय करते?

आपल्याकडे फूल किंवा पान दाबून ठेवण्याची सवय जुनी आहे. शाळेच्या वहीत जाळीदार झालेले पिंपळपान, पोथीत केवड्याचे पाते, दसऱ्याला मिळालेले आपट्याचे पान. यात चित्र करण्याचा हेतू नसतो. वही किंवा पोथी हीच पार्श्वभूमी असते आणि ती आधीपासून ठरलेली असते. चित्र करायला बसलो की निवड आली, आणि निवड आली की टीकेला जागा झाली.

पार्श्वभूमी एकाच वेळी तीन कामे करते.

एक, ती फुलाला दिसू देते. फुलाचा रंग डोळ्याला कसा भासतो हे शेजारच्या रंगावर अवलंबून असते. या नियमाची मांडणी एका कापडाच्या कारखान्यातूनच झाली. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. तपासल्यावर धाग्याच्या रंगात दोष सापडला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा फिका भासत होता. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन, ती ओलावा घेते किंवा नाकारते. वाळलेले फूल पूर्ण कोरडे कधीच राहत नाही. हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते पाणी घेते आणि सोडते. जबलपूरला मे महिन्यात हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये कपाटातली पुस्तकेसुद्धा ओलसर लागतात. म्हणजे इथल्या प्रत्येक चित्राला दरवर्षी ही परीक्षा द्यावी लागते.

तीन, ती फुलाशी रासायनिक संवाद करते. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क दर्शक म्हणून वापरल्याचे आठवत असेल: आम्लात गडद गुलाबी, अल्कलीत हिरवा. जास्वंद, गोकर्ण अशा लाल-निळ्या फुलांतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य कागदाच्या आम्लतेलाही प्रतिसाद देते, विशेषतः डिंकाचे किंवा पावसाळ्याचे पाणी मध्ये आले की. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा आणि बोगनवेलीचा गुलाबी रंग बीटालेनचा. त्यांना आम्ल-अल्कलीचा इतका फरक पडत नाही, पण प्रकाशाचा पडतो.

बहुतेक चित्रे पहिल्या कामाचा विचार करून केली जातात आणि उरलेल्या दोन कामांमुळे बिघडतात.

कागद: साधा दिसणारा, पण सगळा सारखा नसणारा

'कागदावर लावा' हा सल्ला अपुरा आहे. वर्तमानपत्राचा कागद आणि स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचे असतात. त्यांतले लिग्निन प्रकाशाने पिवळे पडते आणि आम्ल तयार होते. वर चांगला कागद लावून मागे असा पुठ्ठा ठेवला तर ते आम्ल हळूहळू पुढे झिरपते. कित्येक फ्रेममध्ये पुढच्या कागदावरचा खर्च मागच्या पुठ्ठ्याने वाया घालवलेला असतो.

झेरॉक्सचा कागद पांढराशुभ्र दिसतो तो त्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनांमुळे. ही रसायने अतिनील किरणे घेऊन निळसर प्रकाश देतात. काही काळाने त्यांचा जोर ओसरतो आणि कागद मूळच्या पिवळट छटेवर येतो. आज या पांढऱ्यावर खुललेले फूल उद्या वेगळ्याच कागदावर असेल. घोटीव कागदाची चकाकी फुलाच्या मऊ पोताशी भांडते, आणि पतंगी कागदाचा रंग तर थेंबभर पाण्यानेही सुटतो, हे आपण शाळेतच अनुभवले आहे.

सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद हा चांगला पर्याय आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे मराठी वाचकाला तो नवा नाही. सुती धाग्यात लिग्निन जवळजवळ नसते, धागे लांब असतात, पृष्ठभाग किंचित खडबडीत असल्यामुळे फूल कमी डिंकात बसते, आणि ओलावा एका ठिकाणी न साचता पसरतो. मात्र 'हातकागद' हा शब्द म्हणजे हमी नव्हे. शाई फुटू नये म्हणून कागदाला जे खळ देतात त्यात तुरटी आणि राळ असेल तर तो कागदही आम्लधर्मी निघतो. कागदावर शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून त्यावर पीएच पट्टी टेकवली की अंदाज येतो. मोठ्या खरेदीपूर्वी एवढी तपासणी करायला हवी.

येथे एक बारकावा आहे. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकानुसार कागदात सुमारे २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा लागतो. दस्तऐवजासाठी हे उत्तमच. पण गोकर्णासारख्या फुलाखाली अल्कलीधर्मी कागद म्हणजे त्याच्या निळ्या रंगाशी विनाकारण छेडछाड. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जुन्या ब्लूप्रिंटचे उदाहरण जवळचे वाटेल: तिची निळाई अल्कलीत फिकी पडते, म्हणून जतन करणारे तिला अल्कलीयुक्त कागदात ठेवत नाहीत. लाल-निळ्या फुलांसाठी तटस्थ आणि अल्कलीचा साठा नसलेला सुती कागद, पिवळ्या फुलांसाठी आणि पानांसाठी कोणताही आम्लरहित कागद, असा ढोबळ नियम सांगता येईल.

फुलांच्या पाकळ्या लगद्यातच घालून केलेला हातकागद सध्या शुभेच्छापत्रांत फार दिसतो. त्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ओल्या लगद्यात पडलेली पाकळी रंग सोडते आणि तपकिरी होते; मग तो कागद स्वतःच बोलका होतो. त्यावर पुन्हा फूल लावले की दोन फुले एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. असा कागद पाकिटाला शोभतो, चित्राखाली नाही.

कापड: श्रीमंत दिसणारे, पण जास्त मागणी करणारे

कापडाचा विचार करताना वस्त्रशास्त्रातील एक आकडा उपयोगी पडतो. ठरावीक दमटपणात कोरड्या धाग्याच्या वजनाच्या किती टक्के पाणी तो धागा धरतो, याची प्रमाण मूल्ये अशी: सूत ८.५, रेशीम ११, पॉलिएस्टर ०.४. बाजारातले स्वस्त सॅटिन बहुतेक पॉलिएस्टरचे असते. त्याच्या बाजूने बोलायचे तर ते पिवळे पडत नाही, त्याला कसर लागत नाही. पण ते पाणी घेत नाही. फ्रेममध्ये आलेला दमटपणा मग कोणी घ्यायचा? खालचा फोम घेत नाही, काच घेत नाही, सॅटिन घेत नाही. उरते फक्त फूल, आणि पांढऱ्या डिंकाचा ठिपका. आमच्या फ्रेममधली तपकिरी कडी अशीच आली असावी. न्यायाने सांगायचे तर दोष एकट्या सॅटिनचा नव्हता. काच फुलांना टेकली होती आणि डिंकही जास्त होता. पण सुती पार्श्वभूमी असती तर तिने दोष थोडा तरी पोटात घातला असता.

मखमलीचा दोष दृष्टीचा आहे. तिच्या लवेत पाकळीची कड बुडते. वाळवलेल्या फुलाजवळ जाडी उरलेली नसते. कड हेच त्याचे रेखाटन असते. कड बुडाली की चित्र बुडाले.

चंदेरीचा मोह मध्य प्रदेशात राहणाऱ्या कोणालाही होतो, मलाही झाला. चंदेरीचे रेशीम सहसा पूर्ण उकळून डिंक काढलेले नसते, म्हणून कापडाला तो काचेसारखा ताठ पारदर्शीपणा येतो. पण पारदर्शी कापड एकटे पार्श्वभूमी होऊ शकत नाही. त्याच्यामागे दिसणारा कागद हीच खरी पार्श्वभूमी, आणि चंदेरी हा मधला पडदा. शिवाय ताण्या-बाण्याच्या सरळ रेषा पानाच्या शिरांशी स्पर्धा करतात. मोठ्या, ठसठशीत पानाखाली हे चालते; बकुळीच्या चांदणीखाली किंवा नेच्याच्या नाजूक पात्याखाली नाही. अभिलेखागारांत जीर्ण कागद सावरण्यासाठी त्यावर तलम शिफॉन लावण्याची पद्धत आहे. त्यावरून सुचते की तलम रेशमाची योग्य जागा फुलाच्या खाली नसून कधीकधी फुलाच्या वर आहे: धरून ठेवायला, झाकायला नाही.

मग कापड वापरूच नये का? वापरावे, पण साधे: एकसारख्या विणीचे सुती कापड, गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन कांजी पूर्ण काढलेले, आणि आम्लरहित पाठीवर ताणून बसवलेले. कांजी राहिली तर कसर आणि झुरळे तिचा वास काढत येतात. कापड सैल राहिले तर ऋतूप्रमाणे ते हलते, आणि ठिसूळ पाकळीला चिरा पडतात.

एक थोर उदाहरण: काळी पार्श्वभूमी

आता एका मोठ्या कलावंताकडे वळू. इंग्लंडमधल्या मेरी डेलनी यांचा जन्म १७०० सालचा. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रे चिकटवायला सुरुवात केली आणि दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांत, जवळजवळ एक हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ही दाबलेल्या फुलांची चित्रे नव्हेत, कागदी आहेत. क्वचित कुठे वनस्पतीचा खरा तुकडाही त्यांनी त्यात बसवला आहे. तरीही आपल्या विषयात त्यांच्याइतका शिकवणारा दुसरा कलावंत मला माहीत नाही, कारण त्यांनी पार्श्वभूमी काळी निवडली.

त्या काळातील वनस्पतिचित्रे पांढऱ्या कागदावर असत. पांढऱ्यावर फूल नमुना होते: त्याची ओळख पटते. काळ्यावर फूल प्रसंग होते: ते समोर येते. शिवाय काळ्यावर फिके रंग टिकून दिसतात. पांढरी, पिवळी, फिकट गुलाबी पाकळी थोडी उतरली तरी काळ्यापासून तिचे अंतर मोठेच राहते.

इथे मला या टिपणाचा मुख्य मुद्दा सापडला. आपण पार्श्वभूमी निवडतो ती फुलाच्या आजच्या रंगाकडे पाहून. वास्तविक ती निवडली पाहिजे फूल पुढे ज्या रंगाचे होणार आहे त्याकडे पाहून. काही वर्षांत बरीचशी फुले दोन दिशांनी जातात: काही गवती, फिकट पिवळसर होतात, तर काही तपकिरी. जाई-जुईसारखी पांढरी फुले तपकिरी छटेकडे जातात. पळसासारखी जाड पाकळी आणखी गडद होते. फिकट होणाऱ्या फुलांना गडद पार्श्वभूमी हवी. गडद होणाऱ्या फुलांना फिकी हवी. सर्वांत वाईट निवड मधल्या छटेची: बदामी, खाकी, तागाच्या गोणपाटासारखी. आज ती 'नैसर्गिक' म्हणून आवडते, आणि पुढे फूल नेमके त्याच छटेवर येऊन नाहीसे होते.

या कसोटीवर आईचे हर्बेरियम का टिकले ते कळते. बकूळ तपकिरी होणार होती आणि कागद फिका होता. मरून सॅटिनवर तपकिरी बकूळ आणि उतरलेली गुलाबी बोगनवेल, दोघींनाही जागा उरली नाही.

एक आक्षेप

वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, "मॅडम, मग सगळी चित्रे हर्बेरियमसारखीच करायची का? त्यात भावना कुठे आहे?" आक्षेप रास्त आहे. हर्बेरियमचा सुमारे ४२ बाय २८ सेंटीमीटरचा कागद ओळख पटवण्यासाठी असतो. त्याला मांडणीचे स्वातंत्र्य नाही, आणि चित्राने त्याची नक्कल करू नये. टिकाऊपणा हा एकमेव निकष मानला तर रांगोळीला कलाच म्हणता येणार नाही.

माझे उत्तर असे: रांगोळी पुसली जाणार हे काढणारी जाणते आणि बघणाराही जाणतो. फ्रेममधले फूल मात्र 'मी राहीन' असे आश्वासन देते. ज्या कलेने आश्वासन दिले आहे तिला त्या आश्वासनाबद्दल प्रश्न विचारणे हे समीक्षकाचे काम आहे. सॅटिनची निवड मला कलादृष्ट्या चुकीची वाटते ती या अर्थाने. तिने पहिल्या दिवसाचा विचार केला आणि आठवणीचा केला नाही. भावना कापडाच्या किमतीत नसते. फूल कशाचे होणार हे समजून घेऊन त्याच्यासाठी जागा करून ठेवणे, यात ती जास्त असते.

वर्गातील एक प्रयोग

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. एकाच झाडाची सारखी फुले टीपकागदात दाबून पूर्ण वाळवा. झेरॉक्सचा कागद, सुती हातकागद, धुतलेले सुती कापड आणि पॉलिएस्टर सॅटिन अशा चार पार्श्वभूमींवर ती अगदी थोड्या डिंकाने लावा. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि सर्व एकाच खिडकीत ठेवा. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढा. झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक प्रकाशाचा. चार पार्श्वभूमींमधला फरक पदार्थाचा. हे संशोधन नव्हे, पण कारणे वेगळी करून पाहण्याची सवय त्याने लागते. संग्रहालये नाजूक वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स इतका मंद प्रकाश का पसंत करतात, हेही त्यातून उमगते.

समारोप

गेल्या हिवाळ्यात मी फ्रेम उघडली. बोगनवेल वाचली नाही. बकुळीची अकरा फुले आणि चार पाने चिमट्याने सुटी करता आली. ती फिक्या, तटस्थ सुती हातकागदावर लावली. मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि काच फुलांना टेकू नये म्हणून कडेने जाड कागदाची चौकट. फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता आतल्या खोलीत लावली. काही फुलांना अजून सॅटिनचे दोन-तीन मरून धागे चिकटलेले आहेत. ते काढताना पाकळ्या तुटल्या असत्या.

आई बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "आधीच्यासारखी झगमग नाही गं." थोड्या वेळाने चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "हे पान विहिरीकडच्या फांदीचं. किड्याने खाल्लेलं आहे बघ."

त्या पानाला कडेला एक छोटे भोक आहे. सॅटिनवर ते कुणाला दिसले नव्हते.

स्वाध्याय

१. घरातील किंवा परिचितांकडील वाळवलेल्या फुलांचे एक चित्र निवडा. त्याची पार्श्वभूमी वर सांगितलेल्या तीन कामांपैकी कोणते काम करते आणि कोणते करत नाही, ते लिहा.

२. गोकर्ण, झेंडू आणि बकूळ एकाच चित्रात घ्यायची आहेत. प्रत्येकीचे पुढे काय होईल याचा विचार करून पार्श्वभूमी सुचवा आणि तडजोड कोठे करावी लागली ते सांगा.

३. 'टिकाऊपणा हा कलेचा निकष असू शकत नाही.' या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.